ओढाळ पतंगाचं लोढणं

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



संक्रांतीचा पतंग आपल्यापैकी बहुतेकांनी उडवलेला असतो. अगदीच नाही तर थोरल्या भावाची फिरकी तरी धरलेली असते. हा पतंग जरा जास्त ओढायला लागला तर आपण काय करतो? ढील देतो. मांजा हातातून निसटलाच, तर पतंग जातो आणि आपण गच्चीवर हळहळत उभे राहतो. पतंग जातो, माणूस राहतो.

आज मी तुम्हाला ज्या पतंगाविषयी सांगणार आहे, त्याचा कारभार उलटा आहे. त्याच्या दोऱ्या ठरावीक लांबीच्या असतात, त्याला ढील देता येत नाही. आणि वेळेवर सुटला नाही, तर तो माणसालाच घेऊन जातो. इंग्रजीत त्याला ‘पॉवर काईट’ म्हणतात. आमच्या घरात त्याचं नाव ‘ओढाळ पतंग’ असं पडलं. ओढाळ गुरू माहीत आहे ना? दिसेल त्याच्या शेतात घुसणारं, आवरता न येणारं. अशा गुराच्या गळ्यात आपले शेतकरी लाकडाचं लोढणं बांधतात. आमच्या पतंगाला लोढणं लागतं हे मला फार उशिरा कळलं. त्या उशिराची किंमत माझ्या भाच्यानं भरली. ती गोष्ट सांगण्यासाठीच आज मी इथे आलो आहे.

आधी माझी ओळख करून देतो. दापोली तालुक्यातलं किनाऱ्यावरचं एक गाव हे माझं मूळ गाव. नोकरीची तीस वर्षं आयटीआयमध्ये गेली, टर्नर ट्रेडचा निदेशक म्हणून. म्हणजे मुलांना लेथ मशीन शिकवायचं. निवृत्तीनंतर गावी आलो आणि पडवीच्या एका टोकाला छोटंसं वर्कशॉप थाटलं. गावातल्या पंपाचे पाइप, बोटींचे नटबोल्ट, कुणाच्या झोपाळ्याच्या कड्या, असली कामं येत राहतात. वेळ बरा जातो.

माझा भाचा जहाजावर नोकरीला आहे. कोकणातल्या अनेक घरांतून असा एखादा दर्यावर्दी निघतोच. २०२२ च्या मार्चमध्ये तो सुट्टीवर आला, तेव्हा सामानात एक निळी पिशवी होती. परदेशातल्या कुठल्याशा बंदरात त्यानं एक वापरलेला पतंग स्वस्तात घेतला होता. पिशवीतून कापड निघालं, दोऱ्यांचं एक भेंडोळं निघालं, पण ज्याला धरून पतंग चालवायचा तो दांडा काही निघाला नाही. मूळ मालकानं तो हरवला होता. भाचा म्हणाला, “मामा, तू टर्नर. एक दांडा करून दे की!”

मी पतंग अंगणात पसरून पाहिला. त्याला एकही कामटी नव्हती. कापडाचे दोन थर आणि त्यांमध्ये शिवलेले उभे कप्पे. कप्प्यांची तोंडं पुढून उघडी असतात. त्यांतून वारा आत शिरला की कापड फुगतं आणि विमानाच्या पंखासारखा आकार घेतं. डॉमिना जाल्बर्ट नावाच्या गृहस्थानं १९६० च्या दशकात ही कल्पना काढली. आजची चौकोनी पॅराशूटंही याच जातीची. आमचा पतंग तीन चौरस मीटरचा होता, म्हणजे एका खाटेवरच्या चादरीएवढा. मनात म्हटलं, चादर ती काय ओढणार!

पतंगानं माणूस किंवा गाडी ओढायची ही युक्ती बरीच जुनी आहे. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात जॉर्ज पोकॉक नावाचे एक शाळामास्तर होते. त्यांनी १८२६ साली पतंगांनी ओढल्या जाणाऱ्या गाडीचं पेटंट घेतलं. पतंग वळवायला त्यांनी चार दोऱ्या वापरल्या होत्या. तिथल्या रस्त्यांवर टोल घोड्यांच्या संख्येवर असे. या गाडीला घोडाच नाही, मग टोल कशाचा घ्यायचा, असा पेच नाक्यावर पडायचा म्हणतात. पुढे १९०३ साली सॅम्युएल कोडी यांनी पतंगानं ओढलेल्या होडीतून फ्रान्स ते इंग्लंड खाडी ओलांडली. आणि राइट बंधूंची गोष्ट तर मला फारच आवडते. विमानाच्या आधी, १८९९ साली, विल्बर राइटनं पाच फुटी पंखांचा एक पतंग केला. त्याला चार दोऱ्या लावल्या आणि त्या दोन काठ्यांच्या टोकांना बांधल्या. एक काठी एका हातात, दुसरी दुसऱ्या हातात. काठ्या तिरक्या केल्या की पतंगाचे पंख पिळले जायचे आणि पतंग कलायचा. विमान हवेत कसं सावरायचं याचा पहिला धडा त्या घरगुती काठ्यांनी दिला. ते दोघे सायकलचे कारागीर होते. मग लेथवाल्या मामानं मागे का राहावं?

आता तर हा खेळ फार पुढे गेला आहे. वाळूवर तीनचाकी गाडी, बर्फावर स्की, समुद्रावर फळी, अशा सगळ्यांना पतंग जोडतात. फ्रान्सच्या लेगेनू बंधूंनी १९८४ साली हवेनं फुगवायच्या पतंगाचं पेटंट मागितलं आणि पाण्यात पडलेला पतंग पुन्हा उडवणं शक्य झालं. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पतंगाच्या शर्यतींचा पहिल्यांदाच समावेश झाला. त्या मार्सेच्या समुद्रावर झाल्या.

तर दांडा. कल्पना अगदी सोपी वाटते. एक आडवा दांडा, दोन टोकांना दोन दोऱ्या. डावं टोक ओढलं की पतंग डावीकडे वळतो, उजवं ओढलं की उजवीकडे. म्हणजे बैलगाडीचा कासराच की! मी दुसऱ्याच दिवशी वायरिंगच्या पांढऱ्या पीव्हीसी पाइपचा एक तुकडा कापला, टोकांना भोकं पाडली, दोऱ्या ओवल्या आणि दिला हातात. संध्याकाळी पतंग वर गेला आणि पाइपचं धनुष्य झालं. किनाऱ्यावरची पोरं हसली, आम्हीही हसलो. पहिला दांडा तिथेच निकालात निघाला.

दुसरा दांडा मी जुन्या सागवानी बाराचा केला. तासून गोल केला, पॉलिश केलं. दिसायला देखणा होता. पण भाच्याची तक्रार अशी की पतंग जोरात ओढला की हात घसरतात. म्हणून मी दांड्याच्या दोन टोकांना चामड्याचे दोन फास लावले. मनगट फासात अडकवायचं आणि मग दांडा धरायचा. ओढ मनगटावर येते, बोटं दमत नाहीत. भाचा खूश, मी खूश. पतंगाच्या मागच्या कडेला आणखी दोन बारीक दोऱ्या लोंबत होत्या. त्या कशासाठी आहेत हे आम्हाला समजलं नाही, म्हणून गुंडाळून गाठ मारून टाकल्या.

श्रोतेहो, इथे थोडं गणित सांगतो, कारण ते तेव्हा आम्ही केलं नव्हतं. ताशी वीस किलोमीटरचा वारा म्हणजे झाडाच्या बारीक फांद्या हलवणारा, अंगाला बरा वाटणारा वारा. अशा वाऱ्यात तीन चौरस मीटरचा पतंग एका जागी स्थिर असला तर जेमतेम पाच-साडेपाच किलोची ओढ लागते. बाजारातल्या पिशवीएवढी. पण वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो. वेग दुप्पट झाला की ओढ चौपट, तिप्पट झाला की नऊपट. आणि खरी मेख पुढेच आहे. पतंग आकाशातून सपकन आडवा धावतो, तेव्हा त्याला लागणारा वारा हा त्याच्या स्वतःच्या धावण्यानं वाढलेला असतो. बाहेर वीसचाच वारा असला तरी पतंगाला तो साठचा लागू शकतो. म्हणजे नऊपट ओढ. साडेपाचाचे पन्नास किलो, आणि तेही एका क्षणात.

आणि ही ओढ सगळीकडे सारखी नसते. वारा पाठीवर घेऊन उभे राहा आणि समोर एक अर्धा कापलेला घुमट आहे अशी कल्पना करा. पतंग या घुमटाच्या आतल्या बाजूनं फिरतो. अगदी डोक्यावर, किंवा अगदी डाव्या-उजव्या कडेला असला की शांत असतो. समोर मधोमध आला की खवळतो. शिकाऊ माणसाचा पतंग डोक्यावरून गोत खातो तो नेमका मधूनच खाली येतो.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तेच झालं. दुपारचे चार वाजले होते. उन्हाळ्यात त्या वेळी आमच्याकडे खारे वारे जोरात असतात. भूगोलात शिकलोय आपण, दिवसा समुद्राकडून जमिनीकडे वाहतात ते. वारा समुद्राकडून, म्हणजे पतंगाची ओढ जमिनीकडे. त्यात भरतीची वेळ. ओहोटीला आमचा किनारा ऐसपैस असतो, भरतीला पाणी आणि सुरूचं बन यांमध्ये वाळूचा पट्टाच उरतो. बनाच्या अलीकडे एका वाडीचा गडगा आहे, जांभ्या दगडांचा. वाऱ्याची एक झुळूक जरा मोठी आली. पतंग डोक्यावरून कलला आणि गोत खाऊन मधून खाली सुटला. भाचा दोन पावलं धावला, मग त्याचे पाय उचलले गेले, मग तो छातीवर पडला आणि वाळूवरून घसरत निघाला. मी ओरडलो, “सोड! सोड रे!” त्यानं बोटं केव्हाच सोडली होती. बोटांचा प्रश्नच नव्हता. मनगटं फासात होती, आणि ओढ जितकी वाढेल तितके फास आवळत होते.

वीस-पंचवीस पावलांचं अंतर असेल. गडग्यावर आपटला तेव्हा दांडा दगडांत अडकला, त्याचं एक टोक मोडलं आणि पतंग सैल पडला. उजव्या खांद्याजवळचं हाड, डॉक्टर ज्याला कॉलरबोन म्हणतात, ते मोडलं होतं. डोकं वाचलं ते केवळ दैवानं. मे महिन्यात त्याला जहाजावर रुजू व्हायचं होतं. हाड मोडलेल्या माणसाला वैद्यकीय तपासणीत कोण पास करणार? ती फेरी गेली. घरचे हप्ते त्याच पगारावर होते.

माझी थोरली बहीण, भाच्याची आई, त्या रात्री माझ्याशी फार काही बोलली नाही. जेवणं झाल्यावर मोडलेला दांडा तिनं हातात घेतला, त्याचे चामड्याचे फास उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाली, “आजी काय सांगायची आठवतं का तुला? गुराला चरायला नेताना दावं हातात धरावं, मनगटाला गुंडाळू नये. गुरू बुजलं तर माणूस फरफटत जातो. तू तर गुंडाळून, वर टाके घालून दिलंस.”

ताईचं बोलणं मला लागलं. पण त्याहून जास्त लागलं ते मी स्वतःशी जे बोललो ते. आयटीआयमध्ये दर वर्षी नवीन तुकडी आली की पहिल्या दिवशी मी मुलांना मशीन चालू करू देत नसे. आधी मशीन बंद कसं करायचं ते दाखवायचं. लाल बटण कुठे आहे ते डोळे मिटून प्रत्येकानं शोधायचं. हातातलं कडं, घड्याळ, गंडादोरा काढून ठेवायचा, बाह्या कोपरापर्यंत दुमडायच्या. कारण फिरणाऱ्या वस्तूला बांधलेला हात आपला राहत नाही. तीस वर्षं हे शिकवणाऱ्या माणसानं आपल्या भाच्याचे दोन्ही हात एका यंत्राला बांधले होते, आणि त्या यंत्राला लाल बटणच ठेवलं नव्हतं. दांडा कसा धरायचा याचा मी खूप विचार केला. कसा सोडायचा याचा विचार एक मिनिटही केला नाही.

पतंग माळ्यावर गेला. पावसाळा गेला, दिवाळी गेली. भाच्याचं हाड जुळलं, नोव्हेंबरात तो जहाजावर गेला. पण जाताना म्हणाला, “मामा, पतंग टाकून देऊ नको. त्या मागच्या दोऱ्या कशासाठी असतात ते मी विचारून घेतो.” त्यानं विचारून घेतलं. आणि मग आम्हाला कळलं की ज्या दोऱ्या आम्ही निरुपयोगी म्हणून बांधून टाकल्या, तेच त्या पतंगाचं लाल बटण होतं.

त्याची रचना सांगतो, कारण माझ्या मते सगळा दांडा तिच्याभोवती असतो. पतंगाच्या मागच्या कडेच्या दोन दोऱ्या एकत्र करून त्यांची एक तिसरी दोरी करायची. ती खाली येते, दांड्याच्या बरोबर मध्ये पाडलेल्या भोकातून आरपार जाते आणि माणसाच्या मनगटावरच्या पट्ट्याला जोडली जाते. उडवताना ही दोरी किंचित सैल असते, तिच्यावर भार नसतो. भार दांड्याच्या दोन टोकांवर. आता संकट आलं. माणसानं काय करायचं? काही नाही. दांडा सोडून द्यायचा. दांडा तिसऱ्या दोरीवरून सरकत पतंगाकडे जातो, टोकांच्या दोऱ्या सैल पडतात, पतंग फक्त मागच्या कडेनं धरलेला राहतो. पंखाची शेपूट धरल्यावर पंख कसा उडणार? त्यातला वारा निघून जातो आणि दोरीवर वाळत घातलेलं धोतर खाली पडावं तसा तो पडतो. ओढाळ गुराचं लोढणं ते हेच.

मनगटाला पट्टा इथेही आहे, हे तुमच्या लक्षात आलं असेल. फरक असा की या पट्ट्यावर पतंगाची ओढ येत नाही, मेलेल्या पतंगाचं वजन येतं. आणि तेवढ्यावरही भागलं नाही, तर पट्टा एका झटक्यात सुटला पाहिजे. ही झटक्यात सुटणारी कडी मी घरी केली नाही. लेथवर कदाचित झाली असती. पण जी गोष्ट शंभरातून शंभर वेळा सुटायला हवी, ती हजारो वेळा तपासणाऱ्याकडूनच घ्यावी, असं ठरवलं. भाच्यानं ती पुढच्या फेरीत विकत आणली. दांडा माझा, कडी कारखान्याची.

तिसरा दांडा मी २०२३ च्या जानेवारीत केला. ॲल्युमिनियमचा पाइप घेतला, पंचवीस मिलिमीटर जाडीचा, दोन मिलिमीटर पत्र्याचा, लांबी साठ सेंटिमीटर. लांबीला महत्त्व आहे. दांडा जितका लांब, तितकी हाताची छोटी हालचाल पतंगाला मोठी होऊन पोचते. फार लांब केला तर पतंग जरा स्पर्श होताच गरकन वळतो, फार आखूड केला तर आळशी बैलासारखा वागतो. पडद्याची पोकळ दांडी यासाठी वापरू नये, ती पातळ असते. पाइपच्या मधोमध भोक पाडलं की तो तिथेच कमजोर होतो, आणि वाकवणारा जोरही तिथे सगळ्यात जास्त येतो. म्हणून आत सागवानी गुल्ली घट्ट ठोकून मगच भोक पाडलं आणि त्यात नायलॉनची बुश बसवली. दोन्ही टोकांना नायलॉनच्या सळईतून टोप्या कातून बसवल्या. दोरी जिथे जिथे घासेल तिथली प्रत्येक कडा गोल केली. धातूची एक धारदार कड उत्तम दोरी कापते. पाइपवर सायकलची ट्यूब चढवली, म्हणजे हात घसरत नाही. हाच उपाय पहिल्यांदा सुचला असता तर फासांची गरजच पडली नसती.

डाव्या अर्ध्या भागावर लाल पट्टी लावली. जगभर अशा दांड्यांची डावी बाजू लाल ठेवण्याची पद्धत आहे. भाच्याला ते लगेच पटलं, कारण जहाजावरही डाव्या अंगाचा दिवा लाल असतो. गडबडीत दांडा उलटा धरला, तर डावीकडे ओढल्यावर पतंग उजवीकडे जातो. माणूस घाबरून आणखी ओढतो आणि पतंग जमिनीवर आदळतो.

दोरी डायनीमाची होती. वजनाला हलकी, न ताणणारी, एकेक दोरी शंभर किलोच्या पुढे भार घेणारी. पण तिला दोन वैरी आहेत. एक उष्णता. ती प्लॅस्टिकच्या कुळातली, दीडशे अंशांच्या आत-बाहेर वितळते. दुसऱ्या पतंगाच्या दोरीवर घासली की क्षणात तुटते. दुसरा वैरी गाठ. बारीक दोरीला थेट गाठ मारली की तिची ताकद निम्म्यावर येऊ शकते. म्हणून टोकांवर आधी जाड विणलेल्या नळीदार दोरीचं आवरण चढवतात आणि मग गाठ मारतात. जोडणी सरफासाची, किल्लीच्या कडीत दोरा अडकवतो तशी. ताण असताना पक्की आणि सैल झाल्यावर बोटांनी सुटणारी.

दोऱ्यांची लांबी सारखी नसली तर पतंग सतत एका अंगाला जातो. मी माडाला खिळा मारला, वीस मीटरच्या दोऱ्या त्यात अडकवल्या, दुसऱ्या टोकाला ताणकाटा लावून सारख्याच ताणाखाली मापल्या. गाठी पहिल्या उड्डाणात आवळतात, म्हणून नंतर पुन्हा मापल्या. दांड्याजवळच्या जाड दोरीला दोन-दोन सेंटिमीटरवर गाठी मारून ठेवल्या, म्हणजे थोडं कमी-जास्त करता येतं.

मग परीक्षा. पहिली ताकदीची. दांडा दोन्ही टोकांनी तुळईला टांगला आणि मी सत्तर किलोचा माणूस मधे धरून लोंबकळलो, हिसके दिले. वाकला नाही. दुसरी परीक्षा सोडण्याची. शेजारच्या दोन मुलांना पतंगाच्या जागी उभं केलं. त्यांनी तिन्ही दोऱ्या धरून ओढायचं आणि मी दांडा सोडायचा. पहिल्यांदा सोडला, सर्रकन गेला. दुसऱ्यांदा गेला. तिसऱ्यांदा वीतभर सरकला आणि अडकला. जाऊन पाहतो तर तिसऱ्या दोरीला जिथे जाड दोरी जोडली होती, तिथली गाठ सहा मिलिमीटरच्या भोकात जाऊन पाचरीसारखी बसली होती.

मी तिथेच पायरीवर बसलो. हीच गाठ किनाऱ्यावर अडकली असती तर? दांडा सोडला, पण पतंग मेला नाही, अशी वेळ आली असती. सगळं बरोबर केलं होतं, आणि एका गाठीनं सगळं व्यर्थ झालं असतं. भोक दहा मिलिमीटरचं केलं, कडा पुन्हा गोल केल्या आणि दांड्यापासून पुढे तीन मीटरपर्यंत एकही सांधा येणार नाही अशी सलग दोरी बसवली. मग नियम केला: ओळीनं वीस वेळा सुटेल तेव्हाच पास. मध्ये एकदा अडकला तर पुन्हा एकपासून मोजायचं. पोरं कंटाळली, त्यांना आवळ्याचं सरबत पाजलं, पण वीस पुरे केले.

मेमध्ये भाचा आला. या वेळी सकाळी, वारा हलका असताना, पूर्ण ओहोटीला गेलो. वाऱ्याच्या दिशेला गडगा नाही, झाड नाही, माणूस नाही, अशी जागा निवडली. विजेच्या तारांच्या आसपास तर जायचंच नाही. गावात आधी सांगून ठेवलं होतं. राष्ट्रीय हरित लवादानं २०१७ साली नायलॉन आणि कृत्रिम धाग्याच्या मांजावर बंदी घातली, कारण त्यानं माणसांचे गळे आणि पक्ष्यांचे पंख कापले जात होते. आमच्या दोरीला काच नसते, पण ताणलेली दोरी ती दोरीच. तिच्या वाटेत कुणी येता कामा नये. डोक्यावर हेल्मेट होतं.

पतंग वर गेला, डोक्यावर स्थिर झाला. मी म्हटलं, “सोड.” भाचा म्हणाला, “मामा, आत्ता तर चढवलाय!” मी म्हटलं, “म्हणूनच सोड.” त्यानं बोटं उघडली. दांडा सरकत गेला, पतंगानं एकदा अंग झटकलं आणि तो निमूटपणे वाळूवर येऊन पडला. त्या सकाळी त्यानं पाच वेळा मुद्दाम सोडला. सहाव्यांदा उडवला.

श्रोत्यांपैकी कुणी तरुण मित्र हे ऐकून पाइप कापायला बसणार असतील, तर त्यांना दोन गोष्टी सांगायच्या आहेत. मी सांगितलेलं सगळं लहान पतंगाचं आणि वाळूवर उभ्यानं उडवायचं आहे. कमरेला पट्टा बांधून, फळीवर उभं राहून समुद्रात जायचं असेल तर तिथे घरगुती काहीही चालत नाही. तिथे माणूस अंगानं पतंगाला जोडलेला असतो आणि सुटण्याची कडी पाण्यात, ओझ्याखाली, एका हातानं उघडावी लागते. अशा कड्या कशा तपासायच्या याचं आयएसओ २१८५३ नावाचं आंतरराष्ट्रीय मानक २०२० मध्ये आलं. त्या तपासण्या पडवीत होत नाहीत. आणि दुसरी गोष्ट: शिकवणारा माणूस शोधा. आम्हाला मागच्या दोन दोऱ्यांचा अर्थ माहीत नव्हता, इतकीच आमची चूक होती. विचारायला एक माणूस असता तर ती पाच मिनिटांत कळली असती.

मोडलेला सागवानी दांडा अजून माझ्याकडे आहे. पडवीत लेथच्या वर खुंटीला टांगलेला असतो, चामड्याच्या फासांसकट. येणारा-जाणारा विचारतो की एवढं चांगलं लाकूड असं का ठेवलंय. मी सांगतो, ते माझं प्रमाणपत्र आहे. नापास झाल्याचं.

मागच्या उन्हाळ्यात ताई पहिल्यांदाच किनाऱ्यावर पतंग बघायला आली. बराच वेळ पदर सावरत उभी होती. मग म्हणाली, “दे बघू जरा.” मी तिच्या मनगटाला पट्टा लावला, दांडा हातात दिला. पतंग डोक्यावर होता. तिनं वर पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “आधी सांग, सोडायचा कसा?”